वन्संच्या वेण्या

माझी नणंद सेरवा भाचीच्या लग्नाला कुमासीत आमच्याकडे आली, ती डोकंभर बारीक वेण्या घालूनच. दुपारी पोटभर फुफू खाऊन वन्सं खुर्चीत घोरायला लागल्या आणि आमचा करडा पोपट बोआतेंग त्यांच्या खांद्यावर जाऊन बसला.

मी भांडी घासून आले, तर अर्धं डोकं मोकळं. बोआतेंग एकेक वेणी चोचीत धरून शेंड्यापासून हलकेच उसवत होता.

जाग येताच वन्संनी आरसा बघितला आणि त्या भावावर घसरल्या. "ओपोकू, हा पोपट आज रश्श्यात जाणार."

"त्याचा काय दोष, ताई?" माझा नवरा म्हणाला. "पोपटाचं नवं पीस सालीत गुंडाळलेलं येतं. डोक्यावरची साल त्याला स्वतःला काढता येत नाही, जोडीदार काढतो. त्याला वाटलं, तुला नवी पिसं फुटलीत."

"म्हणजे मी याची बायको?"

"तसंच काहीसं."

शेजारची अक्योमा वेण्या घालण्याचं दुकान चालवते; तिने येऊन वन्संच्या वेण्या पुन्हा घातल्या. पोपटाने उसवताना एकही केस तुटलेला नाही हे बघून गिऱ्हाइकांच्या जुन्या वेण्या सोडवायला ती त्यालाच दुकानात घेऊन गेली. तिथे त्याने एकाही गिऱ्हाइकाकडे ढुंकून बघितलं नाही. संध्याकाळी तिने वैतागून त्याला परत आणलं, तर स्वारी थेट वन्संच्या खांद्यावर.

वन्सं थोडा वेळ फुगून बसल्या. मग त्यांनी मान कलती केली.

"कानामागची फार ओढतेय," त्या पोपटाला म्हणाल्या. "तेवढीच सोड."