शिवेबाहेरची तार

लढाई संपली त्या सालच्या कार्तिकात, नवमीच्या पहाटे, जिनपाल पाटलांना धूमकेतू सापडला. सहा वर्षं हा माणूस पितळी दुर्बीण घेऊन माळवदावर कुडकुडत बसायचा आणि सांगलीचे हळदवाले त्यांची टिंगल करायचे. हस्त नक्षत्राच्या खाली, नकाशात काहीच नाही अशा जागी, पिंजलेल्या कापसासारखा पुसट ठिपका होता. दुसऱ्या पहाटे तो चित्रेकडे सरकलेला दिसला. म्हणजे तारा नव्हे, धूमकेतूच. वेधशाळेला पहिली तार ज्याची, धूमकेतूला नाव त्याचं. जिनपालांना जन्मात दुसरं काही नको होतं.

पण अष्टमीलाच, जैनांचं आठ दिवसांचं अष्टान्हिक पर्व सुरू झालं तेव्हा, त्यांनी मंदिरात व्रत घेतलं होतं, की पुनवेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. तारऑफिस सांगलीत, शिवेपलीकडे अडीच कोस. पुनवेनंतर जावं, तर तोवर ठिपका चांदण्यात बुडणार आणि दुसऱ्या कुणाची तरी तार आधी पोचणार.

"मग गाडीवानाला धाडा की," बायको गुणमाला म्हणाली.

"माणूस धाडला तरी दोष लागतो."

"शिवेवर हुबं ऱ्हाऊन हाक मारा कुणाला तरी."

"तोही दोष. पलीकडं खडा टाकला तरी दोषच, गं."

"लय पोचलेली माणसं, शास्त्र लिवणारी. तुमच्यासारखा कोणतरी बघूनच लिवलं असणार."

जिनपाल हसले नाहीत. त्यांनी वही उघडली, ठिपक्याची जागा पुन्हा तपासली आणि वही मिटून कोनाड्यात ठेवली.

तासाभरानं गुणमालेनं गाडी जुंपायला लावली. "चंदनबालाकडं जाऊन येते," ती म्हणाली. चंदनबाला तिची बहीण, सांगलीत दिलेली. गुणमालेच्या पिशवीतून वहीचा कोपरा बाहेर आला होता. व्हय म्हणावं तर आपणच धाडल्यासारखं होणार आणि नको म्हणायला जीभ रेटेना. जिनपाल खांबाला टेकून गप्प उभे राहिले. गप्प राहिल्याचंही पुढं चार दिवस त्यांच्या मनाला लागून राहिलं.

वीस-बावीस दिवसांनी वेधशाळेचं इंग्रजी पत्र आलं. जिनपाल ते मराठीत सांगत वाचू लागले. धूमकेतू खरा. आफ्रिकेतल्या एकानं तो एक दिवस उशिरा कळवला. म्हणून धूमकेतूला नाव दिलं आहे... इथं त्यांचा आवाज खाली गेला आणि नाव ओठांतच राहिलं. नाव होतं गुणमाला.

खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला नाही. थंडीत काकडायचं आपण, आणि आभाळात नाव बायकोचं!

"तार तुझ्या नावानं केलीस?" त्यांनी विचारलं.

"तारमास्तर तुमचंच नाव घालत हुता. मीच न्हाई म्हटलं, नुसतं गुणमाला घाला म्हटलं."

"का?"

"आवं, तुमच्या नावानं गेली असती तर तुमीच धाडल्यागत झालं असतं. व्रत मोडलं असतं की."

शास्त्राची टिंगल करणाऱ्या या बाईनं जिनपालांचं व्रत त्यांच्यापेक्षा काटेकोर सांभाळलं होतं. पत्र हातात तसंच राहिलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

"परत वाचा," गुणमाला म्हणाली. "मघाशी नाव खाल्लंत."

त्यांनी घसा खाकरला आणि पत्र पहिल्यापासून वाचलं, दारात उभ्या गाडीवानालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.