शांतारामची कडी

"बाबा, हे जाळं आहे की नांगर?"

मोठ्या तलावाच्या काठावर सुचेता डोक्याला हात लावून बसली होती. जाळ्यातून काळाकुट्ट गाळ बदाबदा पडत होता, आणि त्यात कुणाची तरी चप्पल! जाळ्याच्या तोंडाला शिवलेली लोखंडी कडी मात्र ऐटीत चमकत होती. चमकणारच. शांताराम कारखान्यात घराएवढ्या यंत्रांना वेल्डिंग करणारा माणूस. पोरीने गोल कडी मागितली, तर त्याने हत्ती बांधता येईल अशी करून दिली.

"मजबूत आहे," तो हळूच म्हणाला.

"मजबूत नकोय हो! होडीमागून वरच्यावर जायला हवी. ही तर सरळ तळाला! आज रविवार. उद्या व्हिडिओ नाही गेला, तर बोटीवरची जागा गेलीच समजा यार."

सुचेता त्याची थोरली. समुद्रातल्या बारीक जीवांवर नुकतंच संशोधन सुरू केलेलं, आणि राहायला कुठे, तर भोपाळच्या इंद्रपुरीत! किनाऱ्यावर नव्या संशोधकांचं शिबिर होतं. बोटीवर नेऊन सगळं स्वतःच्या हातांनी करायला शिकवणार होते. अट एकच. आपलं जाळं आपण बनवायचं आणि जवळच्या पाण्यात चालवून त्याचा व्हिडिओ पाठवायचा. बाकीच्यांच्या दारात समुद्र. हिच्या दारात कारखान्याचा भोंगा.

दुपारी शांताराम जेवला नाही. क्वार्टरच्या व्हरांड्यात सायकलपाशी बसून राहिला. लग्नाच्या आधीपासूनची ही सायकल, दर रविवारी तेलपाणी, पुसणं. सुचेताची आई लीलाबाई म्हणायच्या, "माझे एवढे लाड केले असते तर!"

त्याने पाना घेतला आणि पुढचं चाक सोडवलं.

"अहो, उद्या ड्यूटीला काय उडत जाणार?" लीलाबाई दारातूनच ओरडल्या.

"पायी जाईन."

"बाबा, नको ना," सुचेता धावत आली. "दुसरं काहीतरी जुगाड करू."

"आणि हे काय वाईट आहे? हलकी आहे, गोल आहे. स्पोक काढले की भोकं मोकळी. कापड शिवायला आयतीच!"

अशोका गार्डन भागातल्या स्क्रीन-छपाईवाल्याकडून आणलेलं बारीक जाळीचं कापड तिघांनी मिळून रिमला शिवलं. लीलाबाईंच्या बोटाला दोनदा सुई टोचली, दोन्ही वेळा शिवी सायकलीला.

ऊन कलता कलता जाळं पुन्हा होडीमागे सोडलं. या वेळी ते पाण्यात फुग्यासारखं फुगलं आणि अलगद सोबत येत राहिलं. जाळ्यात जमलेलं पाणी बरणीत ओतून ती उजेडात धरली, तर आत इवलेइवले जीव टुणटुण उड्या मारत होते. शांतारामने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"एवढुसे?"

"यांच्यावर मासे जगतात, बाबा."

घरी पोचेपर्यंत बरणी त्याने कुणाच्या हातात दिली नाही.

जागा मिळाली. पोरगी गेली.

पंधरवड्याने फोनवर फोटो आला. निळं पाणी, वाऱ्याने विस्कटलेली सुचेता आणि तिच्या हातात टपटप गळणारं जाळं. शांतारामने फोटो मोठा केला. रिमवर ब्रेकने घासलेली रेघ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर सोबत काम करणाऱ्या काशिनाथने स्कूटर थांबवली. "क्या शांतारामजी, आजही पैदल? सायकल विकली की काय?"

"समुद्रावर गेलीय," शांताराम म्हणाला.

भोंगा झाला. शांताराम ताठ मानेने आत गेला. चेनमध्ये अडकू नये म्हणून सवयीने मोज्यात खोचलेली उजव्या पायाची पँट तशीच होती.