घरतांच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब

पनवेलच्या लाईन आळीत प्रभाकर गद्र्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान अजून उघडं होतं, यात गिऱ्हाइकांपेक्षा त्यांच्या हट्टाचाच वाटा मोठा. भिंतीवर टांगायचे पातळ टीव्ही आले, बिघडले की लोक ते टाकून नवे आणू लागले, आणि शेजारच्या दोन्ही दुकानांत मोबाइलची कव्हरं लटकू लागली. गद्रे मात्र रोज साडेदहाला शटर वर करत, उदबत्ती लावत आणि स्टुलावर बसत. "घरात बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटण्यापेक्षा दुकानात बसलेले बरे," असं त्यांच्या पत्नी, आशालताबाई, साऱ्या आळीला सांगत.

त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, निदानाचा. दुरुस्ती काय, कुणीही करील. दुखणं नेमकं कुठे आहे ते ओळखणं ही खरी विद्या, असं ते म्हणत. उरणपासून खोपोलीपर्यंत त्यांच्या शब्दाला किंमत होती. गद्र्यांनी टीव्ही गेला म्हटलं, की घरच्यांनी सुतक धरायचंच काय ते बाकी राही.

अशा या गद्र्यांकडे रोडपालीची वल्लरी सामंत एक व्हिडिओ गेम घेऊन आली. हातातला नव्हे, माणसाएवढं लाकडी कपाट, पुढे दांडी आणि बटणं, वर काच. बँकेत अधिकारी असलेली पंचेचाळिशीची बाई, पण टेम्पोतून ते धूड उतरवताना तिचा जीव खालीवर होत होता.

"उरण नाक्यावर पार्लर होतं ना, काका, तिथलं आहे. गोदामात पडलं होतं. माझा भाऊ रोज जायचा. मला आई म्हणायची, मुलींनी तिथे पाय ठेवायचा नाही. मी दारातून नुसता उजेड बघायचे. एकदा तरी खेळायचंय मला यावर."

आतून आवाज येत होता, चित्र नव्हतं. गद्र्यांनी मागची फळी काढून बॅटरी मारली. काचेच्या पिक्चर ट्यूबच्या मानेत चांदीसारखा चकचकीत डाग असतो, तो दुधासारखा पांढरा पडला होता.

"हवा शिरली आत. ही संपली," ते म्हणाले. तिचा चेहरा बघून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "पण हा मॉनिटर म्हणजे टीव्हीचा चुलतभाऊच. वीस इंची जुन्या टीव्हीची ट्यूब मिळाली आणि मागच्या पिना जुळल्या, तर तुमचीच कॉइल, तुमचाच बोर्ड ठेवून बसवून देतो."

बोलायला सोपं. तळोज्याचे भंगारवाले तांब्यासाठी काच फोडून मोकळे झालेले. तीन ट्यूबा मिळाल्या. एकीच्या पिना वेगळ्या, दोघींत जीवच उरला नव्हता. शेवटी वल्लरीच्या बँकेत येणारा उलव्याचा दीपेश घरत म्हणाला, आईचा टीव्ही माळ्यावर पडलाय, न्या. तिने तो गाडीत घालून आणला.

गद्र्यांची एक सवय होती. तपासलेल्या प्रत्येक टीव्हीच्या मागच्या झाकणात, आतल्या बाजूने, निळ्या स्केचपेनने ते तारीख, बिघाड आणि सही टाकत. डॉक्टरने केसपेपर लिहावा तसं. हे झाकण काढलं, तर आत त्यांचंच अक्षर. 'ट्यूब गेली. १२ सप्टेंबर २००८. प्र. गद्रे.'

"हा कामाचा नाही," ते म्हणाले. "मीच लिहून ठेवलंय."

वल्लरी टीव्ही तिथेच ठेवून गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, हात शिवशिवत होते. गद्र्यांनी सहज म्हणून ट्यूबच्या पिनांना मीटर लावलं. मीटर वाजलं, म्हणजे आतली तार शाबूत. त्यांनी मीटरचा सेल बदलला. तरी वाजलं. मग ट्यूब तपासायचा टेस्टर जोडला. काटा उठला आणि सरळ हिरव्या पट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. ट्यूब ठणठणीत होती.

भिंग लावून त्यांनी मागचा छोटा बोर्ड बघितला. सोल्डरच्या एका डागणीभोवती केसाएवढी चीर होती. सगळं दुखणं एवढंच. तिथे वीज तुटली, म्हणून ट्यूबच्या मानेतला तांबडा दिवा लागत नव्हता. दिवा लागत नाही म्हणजे ट्यूब गेली, असं तेव्हा त्यांनी नुसतं बघून ठरवलं होतं. मीटर लावायला दोन मिनिटं लागली असती. पण गणपतीचे दिवस होते, अजून आठ घरं करायची होती, आणि गर्वाचं घर तर खालीच असतं.

मग त्यांना ते घरही आठवलं. आता विमानतळाखाली गेलेल्या गावातलं. दारात बाजेवर दीपेशचा बाप काशीराम घरत बसलेला; जन्मभर मिठागरात राबून दम्याने खंगलेला. "दुसरी बसंल का वो, भाऊ?" त्याने विचारलं होतं. "नाही बसायची," असं म्हणून गद्रे बॅग उचलून निघाले होते. पुढच्या वर्षी काशीराम गेल्याचं कानावर आलं होतं.

जेवताना त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"आमटीत मीठ नाही का?" आशालताबाईंनी विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. मरायला टेकलेल्या माणसाचा एकुलता एक विरंगुळा आपण दोन मिनिटांच्या आळसापायी हिरावला, असं ते म्हणाले.

आशालताबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. "मग उलव्याला कधी जाताय?"

"सोळा वर्षांनी जाऊन काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच. मला सांगून काय उपयोग? माझा टीव्ही होता का तो?"

दुसऱ्या दिवशी गद्र्यांनी ती चीर डागली. टीव्ही लागला, निळाशार पडदा उजळला. वल्लरी आली ती आनंदाने उडायचीच बाकी होती.

"आत्ता नाही बसवत," ते म्हणाले. "आधी घरतबाईंना विचारायला हवं."

"पण त्यांनी दिलाय ना, काका?"

"मेलेला म्हणून दिलाय. जिवंत निघाला, तर त्यांचा आहे."

वल्लरीला वाईट वाटलं, पण ती नाही म्हणाली नाही. रविवारी टीव्ही पुन्हा गाडीत घालून दोघं उलव्याला गेली. दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, रस्ताभर सिमेंटची धूळ. दीपेशच्या तीन मजली बंगल्याच्या ओटीवर सत्यवती घरत सुकट निवडत बसली होती. सत्तरी उलटलेली, पाठ ताठ. तिने गद्र्यांना लगेच ओळखलं.

गद्रे बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगून टाकलं. ट्यूब तेव्हा चांगली होती, मी न तपासता गेली म्हटलं, माझ्यामुळे काशीरामभाऊंचं शेवटचं वर्ष टीव्हीवाचून गेलं. मला क्षमा करा. टीव्ही चालू करून आणलाय, तुमचा तुम्ही ठेवा.

सत्यवतीचे हात थांबले. तिने सूप बाजूला सारलं.

"म्हंजे आता ठोकाला नाय लागत?"

गद्रे चमकले. "ठोकायला? कुणी सांगितलं तुम्हांला?"

"सांगंल कोन? तुमी येऊन गेलाव, त्याचे मईन्यान मी फडका मारीत व्हते. ते रोज सकाली बटन दाबून बघाचे, लागतो का. बटन तसाच ऱ्हायलेला. वरती माजी थाप परली, आन् टीवी लागला. चांगला रंगीत."

"मग?"

"ते परसात व्हते. मी पिन काढली. कुनाला बोल्ले नाय." तिने मान खाली घातली. "ते परत लावाला गेले, तवा तुमचा नाव घेतला. बोल्ले, गद्रेभाऊ सांगून गेलेत, पिन लावली का ट्यूब आंगावर फुटंल."

वल्लरी हळूच पायरीवर टेकली.

"पंदरा वर्सं मी त्यांची पाठ बघतली," सत्यवती म्हणाली. "मिठागरातून आले का टीवीम्होरं. जेवान बी थितंच. टीवी बंद जाला, तवा आठ दिस नुसती कुरकुर. मंग बोलाला लागले. आईचा सांगला, ल्हानपनचा सांगला. मोऱ्याचे धक्क्यावर मना पयली कवा बघतली, ता सांगला. एक दिस इचारला, सत्या, तुना काय व्हावा व्हता? मना तोवर कुनी इचारला नव्हता."

"तुम्ही काय सांगितलंत?" वल्लरीने विचारलं.

"शालंत जावाचा व्हता, बोल्ले. तवा ते मना आकडे शिकवाला बसले. कोलशानं, ओटीवर. ते गेले तवा मी घड्याल बघून येल सांगत व्हते."

तिचे डोळे भरून आले, पण ती बोलायची थांबली नाही. "दीपेश नवा टीवी आनाला निंगाला, तर मीच नको बोल्ले. दमेकरी मानूस. त्याना येक टीवीच व्हता, त्यो मी काढून घेतला. सोला वर्सं मनान ऱ्हायलाय. पाप जाला का वो माजा, भाऊ?"

आयुष्यभर लोक गद्र्यांना विचारत आले होते, आणि ते ठोकून सांगत आले होते. आज त्यांनी घाई केली नाही. ओटीवर तिच्यासमोर ते मांडी घालून बसले.

"निदान माझं चुकलं, वहिनी," ते म्हणाले. "तुमचं बरोबर होतं."

सत्यवतीने पदराने तोंड पुसलं. मग गाडीकडे हात केला. "मंग न्या ती ट्यूब, लावा या पोरीचे खेलाला," ती म्हणाली, आणि तिघांसाठी चहा टाकायला उठली.