वार्निश लावलेलं थापटणं

धाकट्या दिराला कला कळायला लागली आणि कुंभारणीच्या घरात अवदसा शिरली.

तोवर बरं चाललं होतं. दीर पुढच्या खोलीत साच्यात माती ओतून मांजरं काढायचा. डोक्याला भोकं असलेली, पेनं खोचायची मांजरं. वहिनी मागच्या छपरीत रांजण घडवायची, कमरेइतके उंच, सुटल्या पोटाचे. कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. मग कुणीतरी दिराला तीन दिवसांच्या शिबिराला बोलावलं. विषय होता आपली कला जगापुढे कशी मांडावी. जेवण फुकट होतं, म्हणून गेला. परत आला तो गळ्यात ओळखपत्र लटकवून, आणि मातीला ‘माध्यम’ म्हणत.

जगापुढे मांडायचं तर फोटो हवेत. फोटोत अवजारं हवीत. आणि शिबिरातल्या बाईंचं म्हणणं, अवजारं देखणी हवीत. वहिनी दोन दिवस बहिणीकडे गेली होती. दिराने छपरीत जाऊन तिचं थापटणं उचललं.

थापटणं म्हणजे हातभर लांबीचं, चपट्या तोंडाचं लाकूड. दिसायला काही नाही. पण रांजण चाकावर पुरा होत नसतो. चाकावर होतो तो जाड बुडाचा, बुटका, ओबडधोबड ऐवज. तो जरा सुकून आवळला की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत भिंत पातळ करत वर न्यायची. हजारभर ठोके. एक चुकला तर पोटाला भगदाड. हे थापटणं सासूबाईंचं, त्याआधी त्यांच्या सासूचं. मुठीवर अंगठ्याची जागा झिजून वाटीसारखी खोल झाली होती. अंधारात उचललं तरी हात आपोआप बसायचा.

दिराने ती वाटी पॉलिश पेपरने घासून सपाट केली. वर तीन हात वार्निश दिलं.

सोमवारी वहिनी परतली. सकाळीच चाकावर रांजणाचं बूड काढलं, दुपारी ठोकायला बसली. मूठ हातात बसेना, तरी तिने ठोकलं. पहिल्याच ठोक्याला थापटणं मातीला चिकटलं आणि सुटताना तळहाताएवढा लचका तोडून आलं.

“भावजी!”

दीर मोबाइल हातात घेऊनच आला. “बघितलं का वहिनी? कसं चमकतंय! आणि मुठीला खड्डा पडला होता, तोपण काढला.”

“खड्डा नव्हता तो. तीन बायकांचे अंगठे होते.”

“तेच सांगतो ना. किती जुनाट दिसत होतं!”

वहिनीला वाटलं, त्याच थापटण्याने त्याच्या पाठीवर एक ठेवून द्यावी. पण चिकटलं असतं, आणि सोडवत बसायला वेळ नव्हता.

तिने काचेच्या तुकड्याने वार्निश खरवडलं. वार्निश निघालं, तसा लाकडाचा पापुद्राही निघाला. मग कडेला चीर दिसली. ती चीर मुठीपर्यंत धावत गेली आणि थापटण्याचे दोन तुकडे झाले. सासूबाई खाटेवरून बघत होत्या. त्यांनी मुलाला एक शब्द सुनावला नाही. त्यांचा लाडका तो, त्याच्या हातून घर जळलं असतं तरी म्हणाल्या असत्या, पोराने उजेड केला.

“आई, आता मी ठोकू कशाने?”

“राहू दे गं. रांजण कोण घेतंय आता? छपरी त्याला दे. त्याला मांजरं वाळवायला जागा पुरत नाही.”

त्याचं असं होतं. गावातल्या रंगाऱ्याचा सूत रंगवायचा कारखाना वाढला होता, सूत भिजवायला मोठी भांडी हवी होती. त्याच्या पोराचं म्हणणं, प्लास्टिकचे ड्रम घेऊ. म्हातारा रंगारी म्हणाला होता, “एक रांजण करून दाखव. महिनाअखेर माझ्या दारात पाहिजे, भाजलेला. पाणी राखलं तर अजून अकरा. नाहीतर ड्रम.” दुसरं गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. रांजण सावलीत वाळायला तीन आठवडे, मग भट्टी. म्हणजे हे बूड उद्या संध्याकाळपर्यंत ठोकून वर गेलं नाही, तर छपरीत मांजरं येणार आणि उरलेला जन्म वहिनी त्यांच्या शेपट्या चिकटवणार.

तिने लचका भरला, बुडाला ओलं फडकं गुंडाळलं आणि मंगळवारी सकाळीच बाहेर पडली.

आधी गेली हस्तकलेच्या दालनात. थंडगार हवा, मंद बासरी, आणि भिंतीवर चक्क लाकडी थापटणी टांगलेली. तीसेक तरी असतील. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, ‘हातांनी घडवलेले’. वहिनीने एक उचललं, दुसरं उचललं.

“हातानेच केलीत का गं ही?”

“शंभर टक्के, मॅडम,” काउंटरवरची पोरगी म्हणाली.

“तीसच्या तीस एका मापाची? प्रत्येकाला गाठसुद्धा एकाच जागी! कारागीर आहे का बिस्किटांचा कारखाना?”

पोरगी हसली. तिला हसायचाच पगार होता. “मॅडम, तुम्हाला नक्की कशासाठी हवंय?”

“मडकं ठोकायला.”

“अय्यो, नाही नाही. हे वापरायचं नसतं. भिंतीला लावायचं. मागे हूक दिलाय बघा.”

वहिनीने हूक बघितला. ज्यांनी जन्मात मातीला हात लावला नाही त्यांच्या भिंतीवर तीस थापटणी, आणि जिला एक पाहिजे तिच्या हातात हूक.

तिथून सुतार. सुतार चांगला माणूस, पण त्याची एक खोड होती. त्याच्या हातून कुठलीही वस्तू पॉलिशशिवाय बाहेर जात नसे.

“पॉलिश नको, सुतारदादा.”

“नको म्हणजे? मी न्हाणीघराचं दारसुद्धा पॉलिश करून देतो. लोक काय म्हणतील?”

“लोक बघणार नाहीत. माती बघणार आहे.”

“माती माझं नाव घेईल का?”

“पॉलिश केलंत तर घेईल. शिव्यांसकट.”

सुताराने खोटंखोटं तोंड वाकडं केलं, पण लाकूड काढलं. नवं, पिवळं, सुगंधी. वहिनीने नखाने टोचून पाहिलं, नख रुतलं. सुताराने ते पाहिलं.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “घडवून देतो तासाभरात. पण हे कोवळं आहे. शंभर ठोक्यांत ओल पिईल आणि वाकेल. तुला पाहिजे ते वर्षानुवर्षं भिजलेलं, वाळलेलं, मार खाल्लेलं लाकूड. ते सुतार करत नाही बाई. वापरणारा करतो.”

“मग मिळेल कुठे?”

“तसलं लाकूड दुकानात आलं तर मी चुलीत घालतो.”

वहिनी गल्लीत येऊन उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं. घरी फडक्याखाली माती आवळत होती, तिला कुणाच्या अडचणीशी देणंघेणं नव्हतं. तेवढ्यात कानांवर आवाज आला. थप्प. थप्प. थप्प. एका लयीत, भरीव, लाकडाचा आवाज. वहिनीचे पाय तिला न विचारता वळले.

गल्लीच्या टोकाला परटिणीचं अंगण. दगडावर लॉजच्या चादरींचा ढीग, आणि परटीण त्यांची सालं काढत होती. हातात धोपटणं. रुंद, चपटं, काळपट पडलेलं, कडा गोल झिजलेल्या.

“मावशी, ते जरा बघू?”

“का? तुला पण धोपटायचंय कुणाला?”

“यादी मोठी आहे. पण आधी रांजण.”

वहिनीने धोपटणं हातात घेतलं. मूठ तिच्या हाताला परकी होती, वजन जरा पुढे जास्त. पण नख रुतेना. अंगणात पडलेला चिखलाचा गोळा उचलून तिने त्यावर एक ठोका दिला. धोपटणं स्वच्छ उचललं गेलं. चिखल जिथल्या तिथे, गुळगुळीत.

“कुणी केलं हे?”

“माझ्या बापाने. लग्नात दिलं. लोक पोरीला दागिने देतात, त्याने हे दिलं. म्हणाला, नवऱ्याने हात उचलला तर कामाला येईल.”

“आलं का?”

“एकदाच. तेवढं पुरलं.”

वहिनीने मग सगळं सांगितलं. दीर, वार्निश, रंगारी, मांजरं. परटीण चादर पिळत ऐकत राहिली आणि वार्निशपाशी येताच खो खो हसली.

“विकत मागू नकोस,” ती म्हणाली. “हे दिलं तर मी कपडे कशाने बडवू, कपाळाने? पण दुपारी जेवून मी आडवी होते. नंतर इस्त्री असते. तेवढ्या वेळात घेऊन जा. दिवे लागायच्या आत परत. आणि त्याला काही लावलंस ना...”

“मावशी, मी लावणाऱ्यातली नाही.”

त्या दुपारी ती ठोकायला बसली. चिकटू नये म्हणून मातीवर चुलीतली राख भुरभुरली, आतून गोळा धरला. पहिले पन्नास ठोके हात चाचपडत राहिला. अंगठा जुनी वाटी शोधत होता आणि सापडत नव्हती. मग वहिनीने अंगठ्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, आणि तो निमूट नव्या जागी बसला. भिंत वर चढू लागली. दीर मधेच फोटो काढायला आला. वहिनीने मान वर न करता धोपटणं फक्त हवेत थोडं उंच धरलं, तो फोटो न काढता गेला. दिवे लागायच्या आत रांजण कमरेइतका झाला, आणि धोपटणं धुऊन परटिणीच्या दारात.

महिनाअखेर रंगाऱ्याच्या अंगणात रांजण पाण्याने भरून आठ दिवस उभा होता. नवव्या दिवशी रंगाऱ्याने बोलावणं धाडलं. सोबत दीर न विचारताच गेला, ओळखपत्रासकट. रंगारी रांजणाखालची धूळ बोटाने चाचपत होता. कोरडी.

“पोटावर हे आडवे वळ कसले?” त्याने विचारलं.

“काका, ही आमची खास नक्षी,” दीर पुढे सरसावला. “या माध्यमातून...”

“नक्षी कसली,” वहिनी म्हणाली. “कपडे बडवायच्या धोपटण्याने ठोकलाय. त्याच्या कडेचे वळ आहेत.”

दिराचा चेहरा साच्यातून अर्धवट निघालेल्या मांजरासारखा झाला. रंगाऱ्याने बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. आतून भिंत सावकाश चाचपली, बुडापासून गळ्यापर्यंत.

“आतून गुळगुळीत आहे,” तो म्हणाला. “सूत आत असतं. बाहेरून वळ असोत नाहीतर देवी आलेल्या असोत, मला काय?” त्याने हात पुसला. “अकरा कर. दोन महिन्यांत दे.”

“चार लागतील.”

“चार? एवढी काय कारागिरी करणार आहेस?”

“कारागिरी नाही हो,” वहिनी म्हणाली. “धोपटणं सकाळी मोकळं नसतं.”