प्रूफरीडरची सही

तुरुंगात गेला म्हणून माणसाची खोड जाते थोडीच! टायपिस्टबाईंच्या नवऱ्याला आत जाऊन सात महिने झाले होते. गुन्हा काय, तर कुणाच्या तरी सरकारविरोधी पत्रकाचं प्रूफ तपासलं. पत्रकात काय लिहिलंय याकडे त्या बाबाचं लक्षच नव्हतं, त्यानं फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. पण हे पटणार कुणाला? त्याला बेकायदा डांबलंय, कोर्टापुढे आणा आणि सोडा, असा हेबिअस कॉर्पसचा अर्ज बाईंनी केला होता. तो गेल्या महिन्यात फेटाळला गेला. आता वरच्या कोर्टात अपील, आणि मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

मजकूर वकिलांनी सांगितला, टाइप बाईंनी स्वतः केला. तीस वर्षं कोर्टाच्या फाटकापाशी बसून परक्यांचे अर्ज टाइप करताना कधी बोट अडखळलं नव्हतं. या अकरा पानांत मात्र बोटं सारखी चुकत होती.

दुपारी एकला कागद सहीसाठी तुरुंगाच्या खिडकीतून आत गेले. दोनला परत आले. हवालदार हसू दाबत होता.

बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पेन्सिलीच्या खुणांनी समास भरून गेला होता. सगळ्या पानांवर मिळून सत्तेचाळीस दुरुस्त्या! आणि शेवटी, सहीच्या जागी, 'दुसरं प्रूफ पाठवणे.' चूक असलेल्या पानावर सही करायची नाही, हा त्याचा जन्माचा नेम.

"अरे देवा! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हे वेलांट्या कसल्या बघत बसलेत!"

"काकू, मी सांगून पाहिलं," हवालदार म्हणाला. "ते म्हणाले, एकदा पुढे गेलं की चूक कायमची."

आता परत टाइप करायला वेळ कुठला? बाईंनी तिथल्याच बाकावर बसून एकेक दुरुस्ती पेनानं पक्की केली आणि वर चिठ्ठी जोडली, 'अहो, हेच दुसरं प्रूफ. आता सही केली नाहीत तर तुमचे सगळे शब्दकोश रद्दीत घालीन. घरात फार एकटं वाटतं हो.' शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना रडू आवरलं नाही.

पावणेचारला कागद आले. सही होती! पुढचं काही न बघता बाईंनी कोर्ट गाठलं.

पाचला दहा कमी असताना खिडकीतला कारकून पानं उलटत शेवटच्या पानावर थांबला.

"बाई, मागणीत चूक आहे. 'आमची सुटका करावी'? अर्जदार तर एकटाच आहे. 'अर्जदाराची' हवं ना?"

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच, 'आमची' टाइप झालं होतं. पहिल्या वेळी नवऱ्याच्याही नजरेतून ते निसटलं होतं. दुसऱ्या वेळी त्यानं त्यावर पेनानं रेघ मारली होती, आणि मग त्याच शब्दाखाली तीन टिंबं देऊन समासात लिहिलं होतं, 'राहू द्या.'

"ही टिंबं कसली?" कारकुनानं विचारलं.

"खोडलेला शब्द परत ठेवायचा असला की प्रूफरीडर अशी टिंबं देतात."

"म्हणजे चूक आहे की नाही?"

"चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी तपासलंय. बरोबर आहे."

कारकुनानं एकवार त्यांच्याकडे पाहिलं, एकवार घड्याळाकडे, आणि शिक्का मारला.