छापलेलं नव्हतं ते

पुस्तकाच्या पानाला कसरीनं पाडलेलं भोक बरोबर दिव्याच्या जागी होतं. चित्रातला खडक शाबूत, खडकावरचं दीपगृह शाबूत, खाली शाईच्या बारीक रेघांनी काढलेल्या लाटासुद्धा शाबूत. फक्त वर, जिथे दिवा असायला हवा तिथे, मोहरीएवढं आरपार भोक, आणि त्यातून मागच्या पानावरचं एक अक्षर डोकावत होतं... 'र' असावं, किंवा 'स'चा अर्धा भाग. सुभद्रेनं त्यावर बोट ठेवलं. समोर शाळेच्या ओसरीवर आठ मुली मांडी घालून बसल्या होत्या, आणि त्या सगळ्या बोटाकडेच बघत होत्या.

"बाई, आज संपते ना गोष्ट?" झुंबरनं विचारलं.

"आज संपते."

सकाळचे आठ वाजत होते, तरी अमडापूरचं ऊन पायरीपर्यंत येऊन ठेपलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत मुली अक्षरं विसरतात म्हणून बुलढाण्याहून पुस्तकांची एक पेटी आली होती, आणि सोबत सूचना : रोज तासभर वाचन घ्यावं. पेटीत आरोग्याची, शिवणकामाची, गुरांच्या रोगांची पुस्तकं... आणि त्या सगळ्यांच्या खाली दबलेलं हे एक, समुद्राचं. समुद्र या आठजणींपैकी कुणी पाहिला नव्हता. सुभद्रेनंही नाही. पहिल्या दिवशी तिनं दोन्ही हात पसरून सांगितलं होतं की जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि खारं, तेव्हा झुंबर म्हणाली होती, "म्हंजे लोणारसारखं. म्या चाखलं हाय ते पाणी, थू!" आणि सगळ्या हसल्या होत्या. बानो तेवढी हसली नव्हती. तिनं विचारलं होतं, "बाई, त्याच्यावर रस्ता कसा समजते?"

म्हणूनच दीपगृह, सुभद्रेनं सांगितलं होतं. रात्री जहाजांना वाट कळावी म्हणून.

गोष्ट साधीच होती. दीपगृहाचा रखवालदार आणि त्याची लेक. दिव्याचं तेल संपत येतं, बाप होडी घेऊन तेल आणायला किनाऱ्यावर जातो, मागे वादळ उठतं, आणि लेक एकटी रात्रभर दिवा जळत ठेवते. गेल्या वर्षापासून गावात घासलेटाची टंचाई होती, त्यामुळे एवढं तेल एका दिव्याला लागतं याचंच मुलींना नवल वाटत होतं. रोज एक प्रकरण. काल संध्याकाळी सुभद्रेनं घरी शेवटचं प्रकरण डोळ्यांखालून घातलं होतं आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं.

बाप परत येत नाही. सकाळी होडी येते, उलटी. लेक डोळे पुसते, जिना चढते आणि काचा पुसायला लागते... 'आणि तिने आपले कर्तव्य सोडले नाही.' लिहिणाऱ्याला हे फार उदात्त वाटलं असणार. बुलढाण्याच्या कचेरीत ज्यानं पेटी भरली त्यालाही. पण बानोचा बाप बद्रुद्दीन पिंजारी, गावातल्या निम्म्या गाद्यांचा कापूस ज्याच्या हातानं पिंजलेला, तो लढाई सुरू झाल्यावर मुंबईला गेला आणि एका जहाजावर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागला. आठ महिन्यांपूर्वी त्याचं कार्ड आलं होतं. जहाज उद्या सुटतं आहे, कुठे ते सांगायची मनाई आहे. त्यानंतर काही नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी बशीर शिंपी खामगावहून ऐकून आला की त्या सुमाराची जहाजं बुडाली. कोणती, किती, कुणाला ठाऊक. पण तो बानोच्या आईच्या, फातिमाच्या अंगणात उभा राहून बोलून गेला, आणि बोललेलं परत घेता येत नाही.

मी हे वाचणार आहे का? — बोट अजून भोकावरच होतं.

तिनं वाचायला सुरुवात केली. वादळ वाचलं, जिना वाचला, लेकीच्या भाजलेल्या बोटांचं वाचलं. मग डोळे ओळीवरून फिरत राहिले आणि तोंड वेगळंच बोलू लागलं, "...पहाटे वारा पडला. लेकीनं खाली पाहिलं. लांबवर एक होडी दिसली. त्या होडीत तिचा बाप होता. रात्रभर दिवा दिसत होता म्हणून तो वाट चुकला नाही." एवढंच. तिनं पुस्तक मिटलं. आवाज कापला नव्हता. किती सहज जमलं... आपल्याला हे इतकं सहज जमेल असं तिला वाटलं नव्हतं.

मुलींनी श्वास सोडला. झुंबरनं टाळी वाजवली. बानो रांजणाशी टेकून बसली होती; तिनं फक्त एकदा मिटलेल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि एकदा बाईंकडे.

दुपारी घरी अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवली. दाराला ओलं फडकं लावून सुभद्रा जमिनीवर आडवी झाली. बाहेर वावटळ पाचोळा फिरवत होती. आपण चांगलं केलं की वाईट, या प्रश्नाशी ती येऊन थांबे आणि तिथून मन भलतीकडेच वळे — आण्णांकडे. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आज मात्र ते इथेच, चौकटीशी बसल्यासारखे, डोळ्यांपासून लांब धरलेला कागद वाचताहेत...

ती पंधरा वर्षांची होती. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. रंगराव नोकरी बघतो म्हणून शेगावला गाडीत बसले आणि त्यांचा काही पत्ता लागला नाही. भांडण नाही, तंटा नाही. सासरच्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि तिला माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून ती रोज कुंकू लावते. लावावं की लावू नये हे आजवर कुणी तिला सांगितलेलं नाही, आणि तिनंही विचारलेलं नाही. माहेरी आल्यावर महिन्याभरानं आण्णा बाजारातून आले ते हातात कागद घेऊन. "पत्र आलं तुह्या मालकाचं," ते म्हणाले आणि वाचू लागले. खुशाल आहे, काम मिळालं की कळवतो, काळजी नसावी. मग दर महिन्या-दोन महिन्यांनी असं पत्र येऊ लागलं. तिला अक्षर येत नव्हतं. आण्णा वाचत, घडी घालत, कोपरीच्या खिशात ठेवत.

त्या कागदाला एकदा हात लावावा म्हणून, केवळ तेवढ्याचसाठी, ती शेजारच्या पोरीच्या पाटीवरून अक्षरं शिकली. कुणाला न सांगता. आणि एका संध्याकाळी आण्णा वाचत असताना पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या पाठीमागे उभी राहिली. आण्णा वाचत होते, "सुभद्रेचं डोकं कसं आहे? उन्हात जाऊ नको म्हणा, जाशीनच तं पदर ओला करून घेत जाय..." आणि कागदावर पहिलं अक्षर होतं 'स'. मग 'र'. मग 'की'. सरकी. खाली भाव, आणि खामगावच्या कुठल्याशा दुकानाचा शिक्का.

ती मागे सरली. तांब्या खाली ठेवला. पुढे वर्षभर आण्णा पत्रं वाचत राहिले आणि ती समोर बसून ऐकत राहिली. नंतर त्यांनीच तिला बुलढाण्याला शिकायला ठेवलं आणि पत्रं थांबली. पण तो राग... तो तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता. गेला, टाकून गेला, असं एकदा सांगितलं असतं तर मी एकदाच रडले असते. तुम्ही माझं रडणं लांबवलंत, आण्णा. मला वेडी समजलात.

आणि आज सकाळी मी काय केलं?

"बाई."

फडकं बाजूला सारून बानो दारात उभी होती. दहा वर्षांची, बारीक, ओढणी डोक्यावर घट्ट गुंडाळलेली. चार वाजले असतील. ऊन अजून तापलेलंच होतं.

"ये आत. उन्हात कशाला आलीस गं?"

बानो आली, पण बसली नाही. "होडी उलटी होती," ती म्हणाली.

सुभद्रा उठून बसली.

"पुस्तकात. होडी उलटी आली अन् बाप नाही आला. म्या वाचलं. मंगळवारी तुमचं डोकं दुखत होतं ना, तुम्ही मह्याजवळ दिलं पुस्तक कपाटात ठेवाले. ठेवाच्या आधी वाचून घेतलं." मग घाईनं, "फक्त शेवटचं पान."

चोरी पकडली गेल्यासारखे सुभद्रेचे कान तापले. "मग सकाळी बोलली का नाहीस?"

"काऊन बोलू? तुम्ही मह्यासाठीच बदललं ना?" बानोनं पायाच्या अंगठ्यानं सारवणाचा पोपडा दाबला. "झुंबरले लई आवडलं." आणि जरा थांबून, "मले बी आवडलं."

बाहेर वावटळ थांबली होती. सुभद्रेनं तिला जवळ ओढलं नाही. ओढावंसं फार वाटलं, पण ती पोर इतकी ताठ उभी होती की हात लावला असता तर तिचं काहीतरी मोडलं असतं. तिनं पाण्याचा पेला पुढे केला. बानोनं तो एका दमात संपवला आणि ज्यासाठी आली होती ते बोलली, "उद्या अम्मीले घेऊन येऊ का? तिले वाचता येत नाही. तुम्ही तिले तसंच वाचून दाखवा. सकाळी वाचलं तसं."

"बानो..."

"बशीरचाचा येऊन गेला तवापासून अम्मी सुईत दोरा नाही ओवत. रजाया तशाच पडल्या हायेत. रडत बी नाही. नुसती बसून राह्यते."

"अगं, पण तिला ते खरं वाटलं तर? आणि उद्या काही वेगळंच कळलं तर?"

"मंग रडू," बानो म्हणाली. "आता तं ते बी नाही."

"तिला कळेल, मी मनचं सांगते आहे ते."

"कळंल ना. अम्मी काय येडी हाय?" बानोला प्रश्नाचंच नवल वाटलं. "कळंल, तरी बी ऐकंल. कोणी आपल्यासाठी बसून वाचलं, तं ऐकते माणूस."

सुभद्रेनं तिच्या हातातला रिकामा पेला घेतला. ...वर्षभर. त्या संध्याकाळनंतर वर्षभर मी समोर बसून ऐकलं ते का? आण्णांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पण पत्र यायला उशीर झाला की मीच तर दाराशी जाऊन उभी राहत होते. आणि रंगरावांना माझ्या डोकेदुखीचं कुठे माहीत होतं? सव्वा वर्षात त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते आण्णांनाच ठाऊक होतं. आईविना वाढवलेल्या पोरीला समोर बसवून, तू कशी आहेस हे विचारायला त्या माणसाला दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं. त्या दिवशी तांब्या खाली ठेवताना पाणी त्यांच्या पायावर सांडलं होतं... आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. का नव्हतं पाहिलं? — त्यांना तेव्हाच कळलं असेल तर? तरीही पुढे वर्षभर...

"आणू ना?" बानोनं विचारलं.

"आण," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला.

बानो दाराशी जाऊन परत वळली. "पण एक हाय, बाई. सकाळी तुम्ही लई लवकर संपवलं. होडी आली अन् खलास. अम्मी विचारंल."

"काय विचारेल?"

"तो होडीतून उतरला, मंग पहिलं काय म्हणला?"

ती गेल्यावर सुभद्रेनं स्वतःच्या पेटीतून कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि दाराशी उजेडात बसली. लिहून ठेवायलाच हवं होतं. उद्या एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर बानोच्या लक्षात येईल. 'पहाटे वारा पडला' इथपासून तिनं सगळं उतरवलं. होडी वाळूला लागली. बाप उतरला. लेक जिन्यावरून धावत आली. तो म्हणाला —

पेन्सिल थांबली. सोळा वर्षांत रंगराव तिच्या मनात हजारदा दारात येऊन उभे राहिले होते आणि प्रत्येक वेळी तीच बोलली होती, कधी रागानं, कधी नुसतीच पाठ फिरवून; त्यांना तिनं एक शब्दही बोलू दिला नव्हता. परत आलेला माणूस काय बोलतो? दमलो, म्हणतो? पाणी दे, म्हणतो? की माझी वाट पाहिलीस का, असं विचारतो... नाही, ते विचारायला तो धजणार नाही. तिनं रंगरावांचा आवाज आठवून पाहिला. आला नाही. मग बद्रुद्दीनचा, पिंजण्याच्या तारेच्या आवाजाच्या वर चढवून बोलायची सवय झालेला मोठा, मोकळा आवाज; तो आला. मग ती हळूहळू मोठ्यानं म्हणून बघू लागली. "किती वाळलीस गं." नको. "दिवा तूच लावला होतास?" हे जरा बरं. "मी आलो." तिनं पुन्हा म्हटलं, किंचित जाड आवाज काढून, "आलो गं मी." भिंतींनी ते घेतलं, आणि घरात खरंच कुणी बोलल्यासारखं वाटलं.

"कोण आलं वं, सुभद्रा?" भिंतीपलीकडून शेजारच्या गोजरबाईनं हाक दिली.

कोणी नाही, हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ती तशीच बसून राहिली, पेन्सिल हातात, आणि तिला उगीचच वाटत राहिलं की एवढं एक उत्तर जरा वेळानं दिलं तरी चालण्यासारखं आहे.