आळस, असं मी लिहिलं

राग माझ्या नाकावर असतो. योग शिकवणारी बाई कशी शांत, मधाळ असावी असं लोकांना वाटतं. वाटो बापडं. अठरा वर्षं मी गावोगाव वर्ग घेत फिरतेय. दोन महिने झाले की गाशा गुंडाळायचा आणि पुढचं गाव गाठायचं. कुणाशी वाजलं तर त्याच्याही आधी. बॅग भरणं हे माझं सगळ्यात सफाईदार आसन.

या वेळी मला बोलावलं होतं रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीने. बायकांच्या पाठी दुखतात, म्हणून रोज सकाळी सात वाजता, काम सुरू व्हायच्या आधी अर्धा तास वर्ग.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. वर्ग संपला की प्रत्येकीबद्दल वहीत एक ओळ लिहायची. गोड गोड नाही, खरं तेच. इस्त्रीवर काम करणारी सगळ्यात जुनी बाई, जिला सगळ्या मावशी म्हणत, तिच्यापुढे मी लिहिलं होतं: ‘खांदे सैल झाले, जीभ आधीपासूनच.’ आणि मशीनमधून ओल्या चादरी काढणारी ती उंच, तिशीतली, सगळ्यांच्या तोंडी ‘शिडी’, तिच्यापुढे रोज एकच: ‘पुढे वाकत नाही. आळस.’ सगळ्या वाकायच्या आणि ही खांबासारखी उभी. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलंसुद्धा, “अगं, कमरेला बिजागरी बसवून घे.” कुणीही हसलं नाही. मला वाटलं, विनोद कळला नाही यांना.

पाचव्या आठवड्यात शिडी मशीनपाशी कोसळली. डावा पाय हलेना. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने माझी वही मागितली. “बघू तर खरं, किती मेहनत घेता तुम्ही!” मी फुशारून दिली.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर नोटीस लागली. कंपनीने व्यायामाची सोय करूनही कामगाराने टाळाटाळ केली, दुखापतीला तीच जबाबदार, उपचार मिळणार नाहीत, नोकरीही गेली. खाली पुरावा म्हणून माझ्या वहीचं पान, माझ्या सहीसकट.

त्या सकाळी एकही सतरंजी अंथरलेली नव्हती. सगळ्या भिंतीला टेकून उभ्या.

“अक्षर सुंदर आहे हो तुमचं,” मावशी म्हणाली.

“मावशी, मला माहीत नव्हतं तो असं...”

“त्याचं सोडा. ती का वाकत नाही, विचारलंत कधी?”

मी भिंतीवरच्या माझ्या पानाकडे पाहिलं.

“दोन वर्षं झाली. वाकली की पाय बधिर होतो तिचा. सांगितलं तर काढून टाकतील म्हणून मूग गिळून बसली होती. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हीच तेवढ्या शिकलेल्या.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजरचा राग आला, मावशीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. खोलीवर येऊन मी बॅग काढली. दोन साड्या आत टाकल्या. मग त्या साड्यांचाही राग आला आणि मी परत लाँड्रीत गेले.

“मला शिडीचं काम करू दे,” मी मावशीला म्हटलं.

“झेपणार नाही.”

“बघू.”

झेपलं नाही. मशीनचं तोंड गुडघ्याएवढ्या उंचीवर. ओल्या चादरी एकमेकींत गुंतलेल्या, ओढायच्या, वळायचं, ट्रॉलीत टाकायच्या. ट्रॉलीचा तळ स्प्रिंगवर वर यायला हवा, तो मोडून खालीच बसलेला. म्हणजे काढताना वाका आणि पलीकडे उपसताना पुन्हा वाका. अठरा वर्षं कमावलेली माझी पाठ जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकली नाही. भिंत धरून उभी राहिले. आणि या बायकांना मी रोज सकाळी काय सांगत होते? अजून थोडं वाका.

बायकांनी केलेल्या तक्रारीवर सोमवारी कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती. दारातच मॅनेजर हळूच म्हणाला, “आमच्या आणखी तीन लाँड्र्या आहेत, मॅडम. वर्षभर फिरायची गरज नाही तुम्हाला.” मी आत गेले.

“आळस हे मी न विचारता लिहिलं,” मी सांगितलं. “तिला दुखत होतं. आणि ट्रॉलीचा तळ मोडलाय, तो आत्ता जाऊन बघा.”

अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे तुमच्या बाकीच्या नोंदीही भरवशाच्या नाहीत? हे कागदावर येईल. पुढे कुठली कंपनी वर्ग देणार नाही.”

“येऊ द्या. लिहा.”

माझा आवाज इतका चढला होता की शिपाई आत डोकावून गेला. अधिकारी मात्र उठला आणि ट्रॉली बघायला गेला.

शिडीची नोकरी राहिली, उपचारही मिळाले. माझा वर्ग त्याच संध्याकाळी बंद झाला. दुसऱ्या सकाळी सात वाजता मी फाटकाबाहेर उभी होते, का ते मलाही सांगता आलं नसतं. मावशी आली, मग एकेक करत बाकीच्या. शेवटी भावाच्या खांद्याला धरून शिडी. तो तिला बाकावर आडवं करून गेला.

“शिकवा,” मावशी म्हणाली.

मी शिकवलं नाही. पहिलीला विचारलं, “कुठं दुखतं?” तिने मनगट दाखवलं, मग खांदा, मग एकदम रडायलाच लागली. दुसरी बसल्याबसल्या झोपते म्हणाली, कारण आडवं झालं की उठता येत नाही. तिसरीने ब्लाउजची बाही वर करून भाजल्याचे डाग दाखवले. ऐकता ऐकता माझ्या मुठी वळत गेल्या. काम सुरू होण्याची घंटा झाली, तेव्हा एकही आसन झालं नव्हतं आणि काहीजणींची पाळीही आली नव्हती.

शिडीपाशी मी सगळ्यात शेवटी गेले. “तुला...”

“माझं विचारायची वेळ गेली,” ती म्हणाली. “तुमचा राग आहे मला, आणि इतक्यात जायचा नाही तो.”

“बरोबर आहे.”

ती आकाशाकडे बघत राहिली. मी चपला घालायला वळले.

“उद्या लवकर या,” ती मागून म्हणाली. “चौघी राहिल्यात अजून.”